आईचं ताट, बाळाची वाटी

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली जामखेडला आलं. वेल्लोरला वैद्यकीचं आणि पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेल्या या दोघांनी कामासाठी निवडला तो नगर जिल्ह्याचा आग्नेयेकडचा, कायम दुष्काळी टापू. त्या वेळी तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. आजारांची नावं निरनिराळी होती, पण त्यांच्या मुळाशी अपुरं खाणं, दूषित पाणी आणि खाण्याविषयीचे गैरसमज होते. औषधाच्या बाटलीने यावर उतारा पडणार नव्हता.

१९७२ च्या दुष्काळात त्यांनी सुरू केलेल्या 'समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पा'ने गावोगाव लहान मुलांसाठी स्वयंपाकघरं चालवली. त्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली, आणि त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती. गावात नर्स पाठवून फारसं साधत नाही, बाहेरच्या बाईचं कोणी मनावर घेत नाही, हे दिसल्यावर गावातल्याच बायका आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या गेल्या. त्यातल्या बहुतेकींना लिहितावाचता येत नव्हतं, अनेकजणी दलित वस्तीतल्या होत्या. मुलांची वजनं घ्यायच्या कामात शेतकरी मंडळातले बाप्ये पुढे आले. नव्वदच्या दशकात तिथला बालमृत्यूचा आकडा हजारी तीसच्या आत आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या पुस्तकात जामखेडवर एक प्रकरण आहे आणि १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी.

हा बदल घडवायला जामखेडात महागडा आहार कोणी आणला नव्हता. बाजरी, ज्वारी, मूग, मटकी, शेंगदाणे, पालेभाजी, अंडं आणि दूध हे सगळं या जिल्ह्यात तेव्हाही होतं, आज तर मुबलक आहे. अडचण होती आणि आहे ती दुसरीकडेच. घरात कोणाला काय, किती आणि कधी द्यायचं हे कोण ठरवतं? आणि जो ठरवतो त्याला त्याची कारणं कळली आहेत का? पोरीला दिवस गेले की तिचं ताट बहुतेक घरांत सासू ठरवते, आणि बाळाची वाटी आजी. म्हणून पुढचं सगळं सुनेइतकंच सासूसाठी आणि घरातल्या कर्त्या पुरुषासाठीही लिहिलं आहे.

जामखेडच्या सेविकांना सुरुवातीला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते एका समजुतीशी: गरोदर बाईने पोटभर खाल्लं तर मूल मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, म्हणून कमी खावं. ही समजूत दुष्टपणातून आलेली नाही. दवाखाना तीस-चाळीस मैलांवर, वाटेत नदी, अडलेली बाई बैलगाडीतच संपलेली ज्यांनी पाहिली त्यांच्या भीतीतून ती आली आहे. पण ती चुकीची आहे आणि जीवघेणी आहे. बाळंतपण अडतं ते बहुधा आईची ठेंगणी चण, अरुंद कटी, बाळाची आडवी-तिडवी स्थिती अशा कारणांनी; आणि अरुंद कटीचं एक कारण तिच्या स्वतःच्या बालपणी आणि वयात येताना झालेली उपासमार हेच असतं. आई अर्धपोटी राहिली की बाळ अडीच किलोच्या खाली भरतं. ते लवकर गारठतं, त्याला नीट ओढता येत नाही, साध्या जुलाबानेही ते खचतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गरोदरपणात रोज सुमारे ३५० उष्मांक जास्त लागतात. 'दोन जिवांचं खाणं' म्हणजे दुप्पट खाणं नव्हे; रोजच्यापेक्षा एक मध्यम भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ जादा पोटात गेली की एवढं भागतं. सकाळी मळमळत असेल तर थोडं थोडं पाच-सहा वेळा खावं. नऊ महिन्यांत साधारण दहा-बारा किलो वजन वाढणं योग्य. सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण थाटामाटात होतं, ताटाभोवती रांगोळी निघते, पण ते एका दिवसाचं असतं. बाकीच्या दिवशी तीच बाई सगळ्यांचं वाढून झाल्यावर टोपाच्या तळाशी राहिलेली आमटी भाकरीबरोबर खाते. भाजी बहुधा तोवर संपलेली असते.

आणि ती भाजीच महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचं खाणं बारकाईने नोंदवलं. तिथलं शेत-शिवार, चूल, कामाचा रगाडा सगळं नगरसारखंच. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात एक गोष्ट उठून दिसली: ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं जन्मतः चांगल्या अंगाची होती. नुसत्या भाकरीने पोट भरतं, पण बाळाच्या घडणीला लागणारी फोलेटसारखी जीवनसत्त्वं आणि खनिजं भाजीतून, फळातून, दुधातून येतात. बांधावर उगवणारा तांदुळजा, घोळ, पाथरी, चाकवत, अंबाडी, परसातल्या शेवग्याचा पाला यांना पैसा पडत नाही. ब-१२ हे जीवनसत्त्व मात्र पाल्यात नसतं, ते दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळतं. माळकरी घरातल्या गरोदर सुनेला म्हणून रोज दूध-दही हवंच. घरचं सगळं दूध डेअरीला घालून चहापुरतं ठेवायची रीत असेल, तर त्या नऊ महिन्यांत तिच्या पेल्याएवढं बाजूला काढून मग कॅन भरावा.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. ही गोळी आरोग्य केंद्रात फुकट मिळते आणि बऱ्याच घरांत फळीवर पडून राहते, कारण तिने मळमळतं आणि शौचाला काळं होतं. काळं होण्यात धोका काही नाही. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. ती चहाबरोबर, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र घेऊ नये, लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर जास्त लागतं, आणि लिंबासाठी श्रीगोंद्याच्या मुलखात कोणाला लांब जावं लागत नाही.

एका गोष्टीबद्दल घरात उघड बोललं जात नाही, ती म्हणजे मिश्री. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती भुकटी दात घासायची म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार-पाच वेळा हिरडीला लागते. तंबाखू ओढला काय आणि हिरडीला लावला काय, निकोटीन रक्तात जातंच आणि बाळाकडचा रक्तपुरवठा कमी करतं. मुंबईत गरोदर बायकांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. दिवस गेल्याचं कळताच मिश्री बंद करणं हा एकही पैसा न लागणारा उपाय आहे. घरातल्या थोरल्या बायकांनीही तिच्यासमोर ती लावू नये. सवय सोडायला सोबत लागते.

पपईचंही सांगून टाकते. कच्च्या पपईचा चीक त्रासदायक असतो, म्हणून ती टाळावी हे बरोबर. पूर्ण पिकलेली पपई खायला हरकत नाही.

बाळ जन्मलं की पहिली चूक पहिल्या तासातच होते. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी वाटून आवडीने खातो. आणि बाळंतिणीचा पिवळसर, घट्ट चीक मात्र 'जड', 'नासका' म्हणून पिळून टाकला जायचा, काही घरांत अजून जातो. त्या दोन-चार चमच्यांत बाळाला रोगांपासून वाचवणारी प्रतिद्रव्यं ठासून भरलेली असतात. वासराला चीक मिळाला नाही तर ते बहुधा वाचत नाही, हे प्रत्येक गोठ्यात माहीत आहे. बाळाला तासाभरात अंगावर घ्यावं आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये. पाणी नाही, साखरपाणी नाही, गुटी नाही. एप्रिल-मेच्या नगरी उन्हातही बाळाला वेगळं पाणी लागत नाही, आईच्या दुधात ते पुरेसं असतं. पाणी आईने भरपूर प्यावं. बाळंतिणीला पाणी बेतानं द्यायची जुनी रीत इथेच घातक ठरते. तिला तर गरोदरपणापेक्षाही जास्त, रोज सुमारे ६०० उष्मांक जादा लागतात. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू चांगलेच आहेत, पण ते जेवणाला जोड म्हणून. जेवणाच्या ऐवजी नव्हेत.

मध चाटवणं हा आणखी एक प्रघात. मधात एका जिवाणूचे सुप्त बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून असं विष तयार करतात की बाळ लुळं पडू शकतं. मध शुद्ध असो, रानातला असो, वर्षाच्या आत नको म्हणजे नको.

आता उष्टावण. आपल्याकडे मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात करायची पद्धत आहे. त्यामुळे मुलीला कधी पाचव्यातच घास मिळतो, तर मामा येईना, जत्रा लांब, म्हणून कधी नववा उजाडतो. शरीराला सम-विषम कळत नाही. सहा महिने पूर्ण झाले की मुलगा असो की मुलगी, वरचं अन्न सुरू व्हायला हवं. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा याच सुमारास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. मामाची वाट बघायची असेल तर समारंभ पुढे ढकलावा, घास ढकलू नये.

घास सुरू झाल्यावर मात्र जवळजवळ प्रत्येक घरात एकच चूक होते. बाळाला 'पचायला हलकं' म्हणून वरणाचं वरचं पाणी, भाताची पेज, मुगाचं कढण दिलं जातं. आठ किलोच्या बाळाचं पोट एका वेळी साधारण २४० मिलिलिटर घेतं, म्हणजे एक मोठी वाटी. ती वाटी पाण्याने भरली की बाळ तोंड फिरवतं, आजीला वाटतं पोट भरलं. भरलं खरंच, पण त्यातून ताकद काहीच मिळाली नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय रोज सुमारे २०० उष्मांक वरच्या अन्नातून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. वरणाच्या पाण्यातून हे कधीच भरून निघत नाहीत. वर्षाच्या आसपास बाळाचं वजन अडतं, ते इथे.

यावर घरातलाच उपाय म्हणजे घट्ट खिमटी. बाजरी थोड्या पाण्याने ओलवून उखळात सडावी, कोंडा पाखडून कण्या कराव्यात. दोन वाट्या कण्यांना एक वाटी मुगाची डाळ घालून मऊ शिजवावी. शिजत असतानाच मूठभर तांदुळजा किंवा शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून टाकावा. उतरवल्यावर चमच्याने घोटून एकजीव करावी, बाळाच्या वाटीत चमचाभर साजूक तूप किंवा घाण्याचं तेल आणि लिंबाचे दोन थेंब घालावेत. चमचाभर तुपाने ४५ उष्मांक वाढतात आणि घास घशाखाली सहज उतरतो. लिंबामुळे धान्यातलं लोह शोषलं जातं. मीठ-साखर-गूळ वर्षाच्या आत नकोच. आता परीक्षा: चमचा तिरका करून पाहा. घास चमच्यात टिकून राहिला तर बरोबर, धार लागली तर पातळ आहे.

घट्ट घास बाळ गिळत नाही, ही आईची तक्रार खरी असते. त्यावरही आपल्याकडे जुनी युक्ती आहे, नाचणीच्या सत्त्वाची. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते पिठूळ स्टार्च तोडतं. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं. अशा मोडाच्या पिठाची चिमूट घट्ट, गरम खिमटीत ढवळली की काही मिनिटांत ती सैल होते, पाण्याचा थेंबही न घालता; म्हणजे ताकद तेवढीच आणि गिळायला सोपी. नाचणी किंवा बाजरी रात्रभर भिजवून फडक्यात बांधावी, बारीक मोड आले की सावलीत खडखडीत वाळवावी, अगदी हलकी परतून मोड चोळून काढावेत आणि दळावी. खूप भाजली तर विकर मरतं. खिमटी सैल झाल्यावर तिला पुन्हा एक उकळी द्यावी, कारण भिजताना आणि मोड येताना जंतूही वाढलेले असतात. ज्वारीचे मोड मात्र यासाठी वापरू नयेत. कोवळ्या ज्वारीत जे विष असतं आणि जे खाऊन जनावर पडतं, तेच तिच्या कोंबांतही असतं.

मांसाहारी घरांत रविवारी मटण शिजतं तेव्हा मसाला पडायच्या आधी बाळासाठी अळणी पाणी काढून ठेवतात. चांगलंच, पण लोह पाण्यात नसतं, मांसात असतं. दोन फोडी मऊ शिजवून, तंतू मोकळे करून, अगदी बारीक वाटून त्या पाण्यात मिसळाव्यात. सहा महिने झाल्यावर पूर्ण उकडलेलं अंडंही पिवळ्या-पांढऱ्यासकट चालतं.

बाजरीविषयी या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगायची राहिली. लोहाचं प्रमाण जास्त असलेलं बाजरीचं 'धनशक्ती' हे वाण २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झालं. ते तयार करण्यात इक्रिसॅट ही संशोधन संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांचा हात आहे. याच प्रकारच्या बाजरीची परीक्षा नगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांमध्ये झाली. १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींपैकी काहींना लोहसमृद्ध बाजरीची, काहींना साध्या बाजरीची भाकरी रोज दोन वेळा सहा महिने दिली. चार महिन्यांतच पहिल्या गटातल्या मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. ज्यांच्यात सुरुवातीला लोहाची कमतरता होती, ती सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता या गटात १.६४ पट होती. गोळी नाही, टॉनिक नाही, फक्त भाकरी. त्या वयाच्या मुलीच पाच-दहा वर्षांत आया होतात. आईचं ताट सुधारायचं तर ते तिच्या शाळकरी वयापासून सुधारायला हवं, हे यातून मला सगळ्यात जास्त पटतं.

जामखेडपासून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात, राहीबाई पोपेरे यांनी बायफ संस्थेच्या साथीने गावरान वाल, घेवडे, भात, पालेभाज्या यांची बियाणं जपली. त्यांना २०२० चा पद्मश्री मिळाला तो बियाण्यांसाठी, पण परसात दहा प्रकार असणं हा बाळाच्या वाटीचाही प्रश्न आहे. दूध, अंडी, मांस-मासे, डाळी, धान्य, पिवळी-नारिंगी आणि हिरवी भाजी-फळं, इतर भाजी-फळं आणि आईचं दूध अशा आठ गटांपैकी किमान पाच रोज बाळाच्या पोटात जावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दारात भोपळ्याचा वेल आणि चार वाफे असतील तर पाचाचा आकडा गाठायला बाजाराची गरज लागत नाही.

वर्षाच्या पुढे मूल चालायला लागलं की त्याच्या हातात पाच रुपयांचा पुडा येतो. चहात बुडवलेलं बिस्किट किंवा टोस्ट हा आज खेड्यातल्या दोन वर्षांच्या मुलाचा सर्रास नाश्ता झाला आहे. मैदा आणि साखरेने भूक मरते, चहाने लोह अडतं, आणि मग आई म्हणते, पोरगं जेवतच नाही. त्याऐवजी वरणात किंवा दुधात कुस्करलेली भाकरी, केळं, मऊ उकडलेलं रताळं द्यावं. दूधही दिवसाला अर्ध्या लिटरच्या पुढे नको, नाहीतर जेवण मागे पडतं. आणि शेंगदाणे, फुटाणे, हुरडा, बोरं, उसाचं कांडं लहान मुलाच्या हातात अख्खं देऊ नये. हिवाळ्यात शेतावर हुरडा खाताना मांडीवरच्या पोराच्या तोंडात कौतुकाने चार दाणे टाकले जातात, आणि ते हसता-रडताना श्वासनळीत जातात. शेंगदाण्याचा बारीक कूट खिमटीत घातला तर तोच शेंगदाणा उत्तम अन्न आहे. बुरशी धरलेले, कडू दाणे मात्र फेकून द्यावेत. त्यांतलं विष यकृत बिघडवतं आणि भाजूनही पूर्ण जात नाही.

हा जिल्हा दुधाचा आहे, म्हणून एक इशारा. धारोष्ण दुधाचं कौतुक इथे फार. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात, आणि गरोदर बाईला त्यातून गर्भपाताचाही धोका असतो. दूध उकळूनच प्यावं. गाय गाभडली तर तिचा जार किंवा मेलेलं वासरू उचलायला गरोदर बाईने जाऊ नये. ते काम दुसऱ्याने, हातात मोजे घालून करावं. बाळाला बाटली नको. तिच्या बुचाच्या सांधीत राहिलेलं दूध नासतं आणि जुलाब लागतात. घासून धुता येणारी वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं बरं. बाटली आणि दोन वर्षांखालच्या मुलांच्या डबाबंद अन्नाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही.

सगळ्यात वाईट अवस्था आहे ती पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या आयांची. पहाटे अंधारात थापलेली भाकरी आणि कालवण फडावर दुपारी पोराच्या तोंडी लागतं. शिजलेलं मऊ अन्न उन्हात दोन तासांहून जास्त राहिलं की त्यात जंतू वाढलेले असतात. अशा ठिकाणी भाजलेलं सातूचं किंवा डाळ-नाचणीचं कोरडं पीठ आणि उकळलेलं पाणी सोबत न्यावं, आणि वेळेवर कालवून द्यावं. अंगणवाडीचा घरपोच आहार हा त्या आईचा आणि बाळाचा हक्क आहे, गाव सोडलं म्हणून तो संपत नाही. निघताना गावच्या अंगणवाडीताईंकडून नोंद करून घ्यावी आणि कारखान्याच्या गावी गेल्यावर तिथल्या ताईंना भेटावं. मुकादमांना आणि कारखान्यांना माझं कळकळीचं मागणं आहे की कोप्यांच्या तळावर स्वच्छ पाणी आणि लहान मुलांसाठी एक शिजवणारी बाई ठेवा. जामखेडकरांनी भर दुष्काळात गावोगाव चुली पेटवल्या होत्या. साखरेच्या पैशावर उभ्या असलेल्या जिल्ह्याला हे जड जाऊ नये.

आणि घरोघरच्या सासूबाईंना, तुमच्या सुनेला दिवस गेले असतील किंवा तिच्या अंगावर पीत मूल असेल, तर आजपासून तिला पहिल्या पंगतीला बसवा आणि भाजी आधी तिच्या ताटात वाढा.